लस कोणती सरस? बहुनिकष तुलनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवणारा मास्तर आहे, आणि बीड, लातूर, परभणीकडच्या प्रशिक्षणवर्गांत आशाताई, सिस्टर आणि एमएस्सीची पोरं यांच्यासमोर हा विषय मांडत आलो आहे. तिथं पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. कुणाला कोणती लस द्यायची हा सल्ला इथं मिळणार नाही. दोन लसींची तुलना कशी करतात आणि ती कुठं फसते, एवढंच इथं आहे.

बहुनिकष निर्णयपद्धती म्हणजे नेमकं काय?

जून लागला की सोयाबीनचं बियाणं घ्यायला तुम्ही कृषी सेवा केंद्रात उभे राहता. एका बॅगेवर जेएस 335, दुसरीवर परभणी विद्यापीठाचं एमएयूएस 71, तिसरी कुठल्यातरी कंपनीची. एकीचा उतारा चांगला, पण बॅग महाग. दुसरी लवकर निघते, म्हणजे हरभऱ्याला रान मोकळं. तिसरीबद्दल शेजारी म्हणतो, शेंगा फुटतात. तुम्ही मनातल्या मनात या सगळ्यांची गोळाबेरीज करता आणि एक बॅग उचलता. तीच गोळाबेरीज कागदावर, आकड्यांत आणि चार लोकांना तपासता येईल अशी मांडली की तिला बहुनिकष निर्णयपद्धती म्हणतात.

कागदावर तीन गोष्टी लागतात. पर्याय, म्हणजे लसी. निकष, म्हणजे कशाकशावरून जोखायचं ते. आणि प्रत्येक निकषाचं वजन. पहिल्या दोन गोष्टी सगळेच मन लावून करतात. तिसरी घाईत उरकली जाते, आणि निकाल तर तिथंच ठरतो.

ज्या लसीची टक्केवारी जास्त ती चांगली. एवढं सोपं असताना हा खटाटोप कशाला?

आधी ती टक्केवारी काय असते ते पाहू. फायझरच्या कोविड लसीची 95 टक्के परिणामकारकता सगळ्यांनी ऐकली. त्या चाचणीत एकूण 170 जण आजारी पडले: खोटी लस घेतलेल्या गटात 162, खरी घेतलेल्या गटात 8. दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे होते. 8 ला 162 ने भागलं तर साधारण 5 टक्के येतात, आणि ते शंभरातून वजा केले की 95. म्हणजे ‘शंभरातले पाच लस घेऊनही आजारी पडतात’ हा अर्थ चुकीचा आहे. लस न घेतलेल्यांच्या तुलनेत धोका 95 टक्क्यांनी कमी झाला, हा बरोबर अर्थ.

आता अडचण बघा. फायझर 95, स्पुटनिक 91.6, कोव्हॅक्सिन 77.8, तर ऑक्सफर्डच्या लसीचा (आपल्याकडची कोव्हिशील्ड) एकत्रित आकडा 70.4. हे आकडे एका खाली एक लिहिले की गुणपत्रिका तयार झाल्यासारखी वाटते. पण या चाचण्या वेगवेगळ्या देशांत झाल्या, वेगवेगळ्या महिन्यांत झाल्या, विषाणूचे प्रकार वेगळे होते आणि ‘आजारी’ कुणाला म्हणायचं याची व्याख्याही वेगळी होती. एकाने पेपर लातूरला दिला, दुसऱ्याने पुण्याला, आणि प्रश्नपत्रिकाही निराळ्या. मग नंबर कसा लावणार?

माझं आवडतं उदाहरण मात्र कोविडचं नाही, रोटाव्हायरसचं आहे. लहान लेकरांच्या जुलाबावरची रोटासिल ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस. हीच लस नायजर देशातल्या चाचणीत तीव्र जुलाबाविरुद्ध 66.7 टक्के ठरली आणि भारतातल्या चाचणीत पहिल्या विश्लेषणात 36 टक्के. लस तीच, कारखाना तोच. मग तुमच्या तक्त्यात कोणता आकडा लिहिणार? जो लिहाल त्याप्रमाणे क्रमवारी हलेल. म्हणून तक्त्यातला प्रत्येक आकडा कुठल्या मातीतून आला, हे त्याच्या शेजारी लिहून ठेवावं.

मग निकष कोणते धरायचे?

पुस्तकी यादी सगळीकडे सारखीच असते: परिणामकारकता, सुरक्षितता, किंमत, साठवण, डोसांची संख्या, पुरवठ्याची खात्री. ती चुकीची नाही, पण तशीच्या तशी उचलली तर मराठवाड्यातल्या उपकेंद्राला तिचा फारसा उपयोग होत नाही. आपल्याकडे काय काय जड जातं ते सांगतो.

पहिलं ऊन. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. बहुतेक लसींना 2 ते 8 अंश लागतात. फायझरच्या लसीला सुरुवातीला उणे 70 च्या आसपासची थंडी लागायची, तेव्हा वाडी-तांड्यापर्यंत तिचा विचारच नको होता. उलट रोटासिल ही सुक्या पावडरीच्या रूपातली लस, 37 अंशांतही दोन वर्षं टिकते असं तिच्या अभ्यासात दिसलं. त्याच रोगावरच्या भारत बायोटेकच्या मूळ रोटाव्हॅकला साठवणुकीत उणे 20 लागत. शहरातल्या दवाखान्याला हा फरक किरकोळ आहे. किनवटच्या डोंगरात व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला लावून जाणाऱ्या सिस्टरला विचारा.

थंडी मात्र जास्तही चालत नाही. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लसी गोठल्या की बाद. आईस पॅकला घाम फुटेपर्यंत बाहेर न ठेवता तो तसाच कॅरियरमध्ये कोंबला की लस उन्हाने नाही, बर्फाने मरते. शिवाय बाटलीवरचा व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारा ठिपका) उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. ‘तापमान’ असा एकच निकष लिहिणाऱ्याला मी नेहमी दोन रकाने करायला लावतो.

दुसरं, डोस किती आणि किती अंतराने. हा निकष पुण्या-मुंबईच्या तक्त्यात तळाला असतो. आपल्याकडे दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, वडवणी, धारूरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उचल घेऊन साखर कारखान्यांना निघतात, त्या गाळप संपल्यावरच परततात. पहिला डोस गावात, दुसरा कोल्हापुरात की कर्नाटकात? मे 2021 मध्ये कोव्हिशील्डच्या दोन डोसांतलं अंतर 12 ते 16 आठवडे झालं, कोव्हॅक्सिनचं 4 ते 6 आठवडेच राहिलं. शास्त्राच्या बाजूने लांब अंतराला कारणं होती. पण ऑक्टोबरात पहिला डोस घेतलेल्या कोयत्याचं (ऊसतोड जोडप्याचं) दुसऱ्या डोसाचं गणित उसाच्या फडात जाऊन पडतं. अशा ठिकाणी ‘दुसरा डोस प्रत्यक्षात किती जणांना मिळेल’ हाच निकष असावा. डोसांची संख्या हा त्याचा फक्त एक भाग.

तिसरं, बाटलीचा आकार. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीची बाटली 10 डोसांची असते आणि पातळ केल्यावर 4 तासांत संपवावी लागते. तांड्यावर त्या दिवशी तीनच लेकरं आली तर सात डोस फेकायचे. समजा, बाटली 100 रुपयांची आहे. कागदावर डोस 10 रुपयांना पडतो, तांड्यावर 33 रुपयांना. किंमत लिहिताना हा दुसरा आकडा धरा.

किंमत कुणाची धरायची? आम्हाला तर लस फुकट मिळाली.

बरोबर प्रश्न. जून 2021 मध्ये खासगी रुग्णालयांसाठी कमाल दर ठरले: कोव्हिशील्ड 780 रुपये, स्पुटनिक 1145, कोव्हॅक्सिन 1410. त्याच वेळी सरकारी केंद्रावर तीच लस मोफत होती आणि सरकार कंपनीला वेगळाच दर देत होतं. म्हणजे एका लसीच्या तीन किमती. तक्ता कुणासाठी करताय ते ठरवा, किमतीचा रकाना आपोआप ठरतो. मजुराच्या बाजूने तक्ता करत असाल तर त्यात बुडालेला रोज आणि जीपचं भाडं येतं, आणि लसीचा दर शून्य.

वजन कोण ठरवतं?

बहुतेक शोधनिबंधांत ‘तज्ज्ञांची समिती’ असं लिहून पुढे जातात. समिती म्हणजे बऱ्याचदा पाच-सात प्राध्यापक, त्यातले तीन एकाच विभागाचे. यात गैर काही नाही. पण मग निकाल त्या पाच-सात जणांचा आहे असं स्पष्ट म्हणावं.

मी चिंचोके वापरतो. प्रत्येकाला शंभर चिंचोके द्यायचे आणि निकषांच्या वाट्यांत वाटून टाकायला सांगायचे. एका वर्गात डॉक्टरसाहेबांनी पन्नासच्या वर चिंचोके परिणामकारकतेत टाकले. शेजारच्या आशाताईंनी त्या वाटीत वीस टाकले आणि पस्तीस टाकले ‘ताप येणं’ या वाटीत. साहेब हसले. ताई म्हणाल्या, “साहेब, एका लेकराला ताप आला की पुढच्या महिन्यात त्या गल्लीतली दहा दारं मला बंद. मग तुमची लस किती का चांगली असंना.” त्यानंतर साहेबांनी स्वतःहून दहा चिंचोके इकडचे तिकडे केले. मी एवढी वर्षं शिकवतोय, पण वजन म्हणजे काय हे मला त्या ताईंइतकं नेमकं सांगता आलेलं नाही.

एखादं उदाहरण करून दाखवा.

या लसी काल्पनिक आहेत, गुणही मीच दिलेले आहेत. सगळे गुण शंभरपैकी, जास्त म्हणजे चांगलं. क्रम असा: परिणामकारकता, उष्णता सोसणं, डोसांची सोय, किमतीची सोय.

लस अ: 90, 20, 40, 30
लस ब: 70, 60, 40, 80
लस क: 60, 90, 90, 60

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याने वजनं दिली 70, 10, 10, 10. प्रत्येक गुणाला त्याच्या वजनाने गुणायचं, बेरीज करायची, शंभराने भागायचं. अ ला मिळतात 72, ब ला 67, क ला 66. अ पहिली.

आता डोंगराळ भागातल्या उपकेंद्राने वजनं दिली 30, 30, 25, 15. अ येते 47.5 वर, ब 61 वर आणि क 76.5 वर. शहरात शेवटची असलेली लस इथं पहिली झाली. लसीत काडीचाही बदल नाही.

म्हणजे हवा तो निकाल काढता येतो?

येतो, आणि काढलाही जातो. म्हणून क्रमवारी दिसली की आधी वजनांचा रकाना मागावा. तो नसेल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

प्रामाणिक माणूस आणखी एक काम करतो: वजन हलवून बघतो. वरच्या उपकेंद्राच्या उदाहरणात परिणामकारकतेचं वजन 30 वरून वाढवत न्या, आणि बाकीच्या तिघांना उरलेलं वजन त्यांच्या जुन्याच प्रमाणात द्या. 64 पर्यंत क पहिली राहते. 65 ला अ पुढे जाते. म्हणजे परिणामकारकतेला कुणी 40 म्हणो की 55, क चा निर्णय टिकतो, भांडायचं कारण नाही. पण वजन 62 ते 67 च्या पट्ट्यात असेल तर ‘अमुक लस सरस’ असं छातीठोक सांगणारा एक तर आकडे बघत नाही किंवा तुम्हाला दाखवत नाही.

दुसरा सापळा याहून वाईट आहे. समजा एक लस ड आहे: परिणामकारकता फक्त 10, बाकी सगळ्यात 100. उपकेंद्राच्या वजनांनी तिला मिळतात 73. अ आणि ब दोघींना ती मागे टाकते! स्वस्त, उन्हात टिकणारी, एका डोसाची, आणि जवळजवळ निकामी. बेरजेत एकीकडची उणीव दुसरीकडे भरून निघते, त्याचा हा परिणाम. म्हणून आधी उंबरठा ठरवायचा, मग बेरीज. कोविड लसींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने किमान 50 टक्के परिणामकारकतेचा उंबरठा ठेवला होता, तो अशाच कामाचा. उंबरठ्याच्या आत न येणाऱ्या लसीला गुणच द्यायचे नाहीत.

दुष्परिणाम हा निकष कसा धरायचा?

दोन तुकडे करा. दंड दुखणं, एक-दोन दिवसांचा ताप हे वजनाच्या तक्त्यात चालतं, आशाताईंनी धरलं तसं. गंभीर धोका मात्र उंबरठ्यावरच तपासावा, किमतीच्या सोयीशी त्याचा सौदा करू नये.

आणि धोका काळाप्रमाणे बदलतो. तोंडातून द्यायच्या पोलिओ डोसमध्ये जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. लाखोंमध्ये एखाद्या लेकराला त्यापासूनच लकवा होऊ शकतो. गावोगाव पोलिओ होता तेव्हा हा धोका रोगापुढे नगण्य होता, शिवाय डोस स्वस्त आणि कुणीही पाजू शकेल असा. भारतातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. त्यानंतर तोच छोटा धोका तुलनेने मोठा दिसू लागला. 2015 च्या अखेरीस इंजेक्शनचा पोलिओ डोस कार्यक्रमात आला आणि एप्रिल 2016 मध्ये तोंडावाटेच्या डोसमधून टाईप 2 हा विषाणूचा प्रकार काढून टाकला गेला. तक्ता एकदा केला की झालं असं नसतं.

एएचपी, टॉप्सिस, व्हिकोर ही बहुनिकष पद्धतींची नावं ऐकली. यातलं काय शिकावं?

एएचपी शिका, टॉप्सिस समजून घ्या, बाकीची लागतील तेव्हा.

एएचपी ही थॉमस साटी यांची, 1970 च्या दशकातली. शंभर चिंचोके वाटणं अवघड जातं, तेव्हा दोन-दोन निकष समोर ठेवून विचारायचं: हा त्याच्यापेक्षा किती पट महत्त्वाचा? उत्तर 1 ते 9 मध्ये. समजा उत्तरं आली: परिणामकारकता उष्णतेपेक्षा 3 पट, उष्णता डोसांपेक्षा 2 पट, परिणामकारकता डोसांपेक्षा 6 पट. तीन दुणे सहा, हिशेब जुळला, आणि वजनं निघाली साधारण 67, 22, 11. शेवटचं उत्तर 6 ऐवजी 4 आलं तरी चालतं. विसंगतीचं गुणोत्तर (उत्तरं एकमेकांशी किती फटकून आहेत त्याचं माप) 0.02 च्याही आत राहतं आणि मुभा 0.10 पर्यंत आहे. पण कुणी म्हणालं, परिणामकारकता उष्णतेच्या 3 पट, उष्णता डोसांच्या 3 पट, आणि डोस परिणामकारकतेच्या 3 पट, तर गोल फिरलो की! गुणोत्तर 1.15 येतं. मग त्या माणसाला पुन्हा विचारायचं. बहुतेक वेळा चूक त्याची नसते, प्रश्नच धड विचारलेला नसतो.

एक व्यवहाराची गोष्ट: 5 निकषांना 10 जोड्या होतात, 10 निकषांना 45. पंचेचाळीस प्रश्नांचा फॉर्म दिलात तर शेवटच्या पंधरांवर लोक डोळे झाकून टिक करतात. सहाच्या वर निकष नेऊ नका.

टॉप्सिस 1981 ची, ह्वांग आणि यून यांची. यात प्रत्येक निकषातला सर्वांत चांगला गुण घेऊन एक आदर्श लस कल्पायची, सर्वांत वाईट गुण घेऊन एक टाकाऊ लस. जी लस आदर्शाच्या जवळ आणि टाकाऊपासून दूर, ती वर. वजनं इथंही बाहेरूनच द्यावी लागतात, म्हणून पुष्कळ अभ्यासांत वजनं एएचपीने आणि क्रमवारी टॉप्सिसने अशी जोडी दिसते.

आणि फझी?

1965 मध्ये लोत्फी झादेह यांनी मांडलेल्या कल्पनेवरून. ‘बऱ्यापैकी महत्त्वाचं’ याचा एकच आकडा न धरता एक पट्टा धरायचा. कल्पना चांगली. पण आकडेच कच्चे असतील तर फझी लावून ते पिकत नाहीत.

नवी लस यादीत आली आणि जुन्या दोघींचा क्रम उलटला. हे कसं?

होतं असं. एएचपीतला हा दोष 1983 मध्येच दाखवला गेला, टॉप्सिसमध्येही तो आढळतो. गुण एकमेकांच्या तुलनेत मोजले जातात, त्यामुळे तिसरी आली की फूटपट्टीच बदलते. इलाज असा की गुण यादीतल्या इतर लसींवरून न देता आधीच ठरवलेल्या पट्टीवरून द्यावेत, जसे मी वर शंभरपैकी दिले.

कोविडच्या वेळी आम्हाला कुठं निवड होती? जी आली ती टोचली.

खरं आहे. जानेवारी 2021 मध्ये परवानगी दोनच लसींना मिळाली आणि गावात जो बॉक्स उतरला तो घेतला. त्या रांगेत उभं राहिलेल्याला हा तक्ता काही कामाचा नव्हता. तक्ता खरेदी ठरवणाऱ्यांसाठी असतो. रांगेतल्या माणसाने त्या वेळी उलट चूक केली: अमुकच लस हवी म्हणून कित्येकजण आठवडेच्या आठवडे थांबले. ‘थांबणं’ हाही एक पर्याय असतो आणि त्यालाही गुण द्यावे लागतात, हे कुणी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या लाटेत त्या पर्यायाचे गुण किती पडले असते ते सांगायला नको.

मुलीसाठी एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूवरची) घ्यायची आहे. घरी असा तक्ता करू का?

करा, पण छोटा. सीरमची सर्व्हाव्हॅक 4 प्रकारच्या विषाणूंवर आहे, गार्डासिल 9 नऊ प्रकारांवर. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे 70 टक्के रुग्ण 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे होतात, आणि ते दोन्ही लसींत आहेत. किमतीत मोठा फरक आहे. सर्व्हाव्हॅक 9 ते 14 वयात दोन डोसांत होते, 15 नंतर तीन लागतात. म्हणजे मुलगी साडेचौदा वर्षांची असेल तर ‘कोणती’ यापेक्षा ‘कधी’ हा निकष जड. बाकी डॉक्टरांशी बोला.

आईसाठी मात्र लसीपेक्षा तपासणीचा रकाना मोठा आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच मातीतला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 महिलांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुलीची लस ठरवायला बसाल तेव्हा आईलाही त्याच कागदावर घ्या.

यासाठी सॉफ्टवेअर लागतं का?

एक्सेल पुरतं. ते नसेल तर वहीचं पान आणि चिंचोके. चिंचोके मोजून शंभर घ्या. एका वर्गात 97 निघाले आणि दोन तास कुणाचीच बेरीज जुळेना.